नववा ड्रम आणि ताट उचलण्याची रीत

अन्याय झाला तो आपावर. कधी झाला तेही सांगते, कारण वार-वेळ न देता केलेला आरोप म्हणजे कुजबुज, आणि कुजबुजायला मला कोणी शिकवलेलं नाही. सत्त्याण्णव साल. दिवाळीनंतरचा दुसरा मंगळवार. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगांच्या कारखान्याचं स्टोअर. तिथे नववा ड्रम वजनकाट्यावर चढला आणि आपाने लिहिलेला प्रोग्राम पडला.

मुकाट पडला असता तर गोष्ट वेगळी. आधीचे आठ ड्रम त्याने शहाण्या मुलासारखे मोजले. नवव्याचंही वजन बरोबर दाखवलं. पण ड्रमचा क्रमांक नऊऐवजी एक्केचाळीस लाखांच्या वरचा कुठलातरी दाखवला, मग पडद्यावर एक इंग्रजी माफीनामा आला आणि खिडकी बंद. स्टोअरचे अधिकारी चष्मा पुसून म्हणाले, "एवढे ड्रम तर अख्ख्या तळोज्यात नाहीत हो."

आमचे सर हसले नाहीत. सर म्हणजे आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक. कंपनी म्हणजे नेरूळच्या एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा, तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दारावर 'चपला बाहेर काढा' अशी पाटी. सरांच्या ब्रीफकेसमध्ये त्या दिवशी आपाचं नोकरीत कायम झाल्याचं पत्र होतं. अकरा महिने ती तात्पुरती होती. चाचणी पार पडली की तिथेच, कारखान्याच्या लोकांसमोर, पेढ्यासोबत द्यायचं ठरलं होतं. सरांनी ब्रीफकेस उघडली, पत्राकडे पाहिलं, पेढ्यांचा पुडा तेवढा बाहेर काढला आणि ब्रीफकेस बंद केली.

"मॅडम, तुम्हाला सी येतं असं तुम्ही मुलाखतीत म्हणाला होतात," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "शुक्रवारी परत चाचणी. चाळीस ड्रम सलग. नाय झाले तर तुम्ही दुसरीकडे बघा, मीपण दुसरं कोणीतरी बघतो. टेन्शन नका घेऊ."

टेन्शन नका घेऊ! माणसाला विहिरीत ढकलायचं आणि वरून सांगायचं, ओली होऊ नका.

आपा म्हणजे थोरली बहीण; ऑफिसात मी तिला तसंच म्हणायचे. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तळोजे गावातलीच, पिढ्यानपिढ्या तिथे असलेल्या कोकणी मुसलमान घरातली. घरचे लोक व्यापारात, भाऊ आखातात नोकरीला. घरात कॉम्प्युटर शिकलेली ती पहिली. रागावली की ती आणखी सभ्य होते. त्या दिवशी ती इतकी सभ्य झाली की तिने सरांनाच पेढा दिला.

मी मात्र पेटले. कंपनीत माझं काम माहितीपुस्तिका लिहिण्याचं. कोणतं बटन दाबलं की काय होतं, हे साध्या मराठीत. त्याआधी दोन वर्षं मी आमच्या वसाहतीच्या पाणी समितीची पत्रकं लिहीत होते. पाणी आलं नाही की आमची समिती टाकीखाली उभी राहायची आणि मी पत्रक लिहायची. पाणी त्याने आलं असं मी म्हणणार नाही. पण टाकीवाल्यांना माझी अक्षरं लांबून ओळखू येत. त्या समितीने मला एकच धडा दिला होता: नळ कोरडा असेल तर कुठेतरी कोणीतरी चावी बंद केलेली असते. ती व्यक्ती शोधा.

म्हणून मी शोधायला लागले.

प्रोग्राममध्ये दोन भाग होते. मोठा भाग आपाने सी भाषेत लिहिलेला: ड्रमचा क्रमांक, रंगाचं नाव, वजन, सगळं टिपून कागदावर छापणारा. दुसरा भाग पावणे गावाहून आलेला. पावण्याच्या एका गाळ्यात इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणारं छोटं वर्कशॉप होतं, काटा त्यांचा होता, आणि त्या काट्यावरचं वजन कॉम्प्युटरमध्ये आणणारं फंक्शन, म्हणजे नेमून दिलेलं एकच काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, तोही त्यांच्याच माणसाने लिहिलेला. ते त्यांनी तयार फाइल करून फ्लॉपीवर दिलं होतं. तयार फाइल म्हणजे माणसाने लिहिलेल्या मजकुराचं कम्पायलरने यंत्राच्या आकड्यांत भाषांतर करून टाकलेलं. मूळ मजकूर त्यांच्याकडे, आकडे आमच्याकडे. उघडून पाहिलं तर नुसता खिचडीचा डाग. फ्लॉपीला रबरबँडने एक चिठ्ठी बांधलेली होती: "वजन वाचण्याचं फंक्शन. एक नंबर द्यावा. एक नंबर मिळेल. शुभेच्छा."

आपाने ऑफिसात ते तपासून घेतलं नव्हतं का? घेतलं होतं! पावणेवाल्यांनी एक लहान काटा उसना दिला होता. त्यावर तिने माझा जेवणाचा डबा तीनदा मोजला. तिन्ही वेळा बरोबर. डबा नऊ वेळा कोण मोजतं?

तर चोर सापडला, असं मी ठरवलं. ज्याची फाइल उघडत नाही तो चोर. मी बुधवारी सकाळी पत्रक लिहिलं आणि सरांच्याच प्रिंटरवर छापलं. मथळा: "नववा ड्रम हा योगायोग नाही!" खाली: "बंद फाइलीत काय दडवलं आहे? वजनकाटेवाल्यांनी उत्तर द्यावं! एका कष्टाळू मुलीची नोकरी घशात घालणाऱ्या नवव्या ड्रमपासून सावध!" शेवटी तीन उद्गारचिन्हं. एरवी मी दोनच देते.

त्या एक्केचाळीस लाखांच्या आकड्यावरही मी काम केलं. सात आकडी होता. सात आकडी म्हणजे काय? फोन नंबर! घातपात करणाऱ्याने आपला नंबर आत सोडला, हे मला तेव्हा अगदी उघड वाटलं. मी लावला. पलीकडून घाटकोपरचे एक आजोबा म्हणाले, "ड्रम? आमच्याकडे ड्रम नाही, बाई. आमच्याकडे दोन बादल्या आणि एक पिंप आहे. पण तुम्ही कुठल्या?" दहा मिनिटं बोलले. बिचाऱ्यांना कोणी फोन करत नसावं. चोर नव्हते, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

पत्रकं मी पावण्यात जेवणाच्या सुट्टीत वाटली. रसायनांचा पट्टा तो. 'नवव्या ड्रमपासून सावध' हे वाचून लोकांनी फाइलबिईल काही वाचलंच नाही. एका गाळ्यातल्या कामगारांनी भिंतीकडचे ड्रम मोजले, नववा हातगाडीवर घालून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवला आणि नाकाला रुमाल बांधून लांब उभे राहिले. अर्ध्या तासाने त्यांना तहान लागली तेव्हा कळलं की तो पिण्याच्या पाण्याचा होता.

तळोज्याच्या स्टोअरमध्ये तर आणखी पुढची तऱ्हा. तिथल्या हमालांनी पत्रकाची वाट पाहिलीच नव्हती. त्यांनी नववा ड्रम रद्द करून टाकला. मोजताना "सात, आठ, आठ-अ, दहा" असं म्हणायचं ठरलं. शिवाय काट्याला लिंबू-मिरची बांधली. त्याने प्रत्येक वजन काही ग्रॅमने वाढलं आणि आपाला काटा पुन्हा शून्यावर आणून द्यावा लागला. मशीनने आठ-अ मोजायला घेतला आणि पुन्हा एक्केचाळीस लाखांवर उडी मारली. मशीनला आपण नाव बदललंय हे कोणी कळवलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी आमच्या गाळ्याच्या दारात चपला काढून एक गृहस्थ आत आले. चाळिशीचे, साताऱ्याकडचे, शर्टाच्या खिशात चार पेनं. हातात माझं पत्रक, चौघडी घातलेलं.

"हे कुणी लिवलंय?"

"मी," मी म्हणाले आणि उभी राहिले. समितीत आम्हाला शिकवलं होतं, आरोप उभ्याने करावा.

"बसा बसा, ताई. तो बंद फाइलवाला मीच. पास्कल भाषेत प्रोग्राम लिहितोय आज आठ वर्सं. माझं फंक्शन चुकत न्हाय."

"मग आपाचं चुकतं म्हणायचंय का?"

"त्यांचं मी बघितलेलं न्हाय. माझं चुकत न्हाय एवढंच सांगायलोय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आन् ते घशात घालणाऱ्या वगैरे... माझ्या बायकोनं वाचलं की हो ते. जेवताना माझ्याकडं बघतीय नुसती."

आपा आतून आली. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि इतक्या सभ्यपणे "दादा, माझंही चुकत नाही" म्हणाली की मला त्यांची काळजी वाटली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघं खरं बोलत होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण चावी बंद करणारा कोणीतरी असतोच, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की दोघं खरी असू शकतात हा पर्यायच माझ्याकडे नव्हता.

ठरलं असं: शुक्रवारी सकाळी दादांनी स्वतः तळोज्याला यायचं आणि डोळ्यांनी बघायचं. सर दुपारी तीनला येणार. त्याआधी काय ते उमगलं पाहिजे.

शुक्रवारी सकाळी दहाला आम्ही तिघं स्टोअरमध्ये. एक, दोन, तीन, सगळं सुरळीत. दादा प्रत्येक वजनाला मान डोलवत होते, जणू मुलगा पाढे म्हणतोय. आठ. हमालांनी हात जोडले. आठ-अ. एक्केचाळीस लाख. खिडकी बंद.

"वजन बरोबर आलं की!" दादा म्हणाले.

"क्रमांक चुकला की!" आपा म्हणाली.

"क्रमांक माझा न्हायच. क्रमांक तुमचा."

"माझा क्रमांक तुमचं फंक्शन येईपर्यंत बरोबर असतो."

हे असं दोन तास. चार वेळा पुन्हा चालवलं, चारही वेळा नवव्यालाच. मी मधे मधे "मूळ मजकूर जाहीर करा!" असं म्हणत होते, त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही. बाराच्या सुमाराला आपाच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. ती म्हणाली, "घर जवळ आहे. अम्मीने बोलावलंय. उपाशी भांडलो तर आणखी चुकेल."

आपाच्या घरी जमिनीवर दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, घातला होता. भात, पापलेटचं सालन, तांदळाची भाकरी. पुरुष माणसं जुम्म्याच्या नमाजाला गेलेली. अम्मी वाढत होत्या, आपाची भाभी कडेवर तान्हं घेऊन आतबाहेर करत होती. दादा आधी संकोचले, मग पापलेट पाहिलं आणि संकोच गेला. वाद काही थांबला नाही. दादा एका हाताने काटे काढत, दुसऱ्याने हवेत फंक्शन काढून दाखवत होते. मधेच म्हणाले, "थांबा, छापील दावतो," आणि उष्टा हात वर धरून ओसरीवरच्या पिशवीतून कागद आणायला उठले.

माझं जेवण झालं होतं. श्रमदानाच्या शिबिरांत वाढलेली मी. आमच्यात जेवलं की उठायचं, आपलं ताट आपण उचलायचं, आपण घासायचं. मी ताट उचललं आणि मागच्या मोरीवर नेऊन ठेवलं, हात धुतला.

भाभीने मोरीवर पाण्याचा आवाज ऐकला. त्यांच्या घरची रीत अशी की पाहुणा ताटाला हात लावत नाही. पाहुण्याने हात धुतला की घरच्या माणसाने एक ताट उचलायचं. तान्ह्याने तिच्या ओढणीचं टोक तोंडात धरलेलं, तिचं लक्ष त्याच्याकडे. ती आली, एक जागा रिकामी दिसली, समोर ताट दिसलं, उचललं, गेली.

दादा कागद घेऊन परत आले आणि दस्तरखानाकडे बघत उभेच राहिले.

"माझं पापलेट!"

अख्खी एक बाजू उरली होती त्याची. पुढे काय झालं ते मी नीट सांगते, कारण माणसाची बुद्धी कुठे उजळेल याचा नेम नाही. भाभी आतून ओरडली, "हाय अल्ला, मांजरीला घातला की!" अम्मी डोक्याला हात लावून मला म्हणाल्या, "पोरी, तू कशाला उचललास? आमच्यात पावना ताट उचलीत नाय! तू उचललास, तिनं उचललान. जेवला एक मानूस आनि ताटां गेली दोन!"

मी म्हणाले, "अम्मी, स्वावलंबन..."

"तुजा स्वावलंबन ऱ्हाऊ दे, तेचा पापलेट गेला!"

आणि आपा हसली नाही. तिचा भाताचा घास तोंडापर्यंत जाऊन तिथेच थांबला होता. ती दादांना म्हणाली, "दादा. तुमचं फंक्शन जेवल्यावर ताट कोण उचलतं?"

मला वाटलं उपासमारीने हिची बुद्धी गेली. पण दादांना प्रश्न कळला. कागद हातातून खाली आला.

"फंक्शनच उचलतं," ते हळू म्हणाले. "पास्कल हाय ते. आपलं आपण साफ करून जातंय."

"माझ्या सीमध्ये," आपा म्हणाली, "बोलावणारा उचलतो."

मग दोघं एकदम बोलायला लागली आणि मी तिथे भिंतीला टेकून बसले. मला त्या दुपारी जे समजलं ते माझ्या भाषेत लिहिते, जाणकारांनी नाकं मुरडली तरी चालेल.

मशीनच्या आत कामापुरती जागा असते, ताटांच्या चळतीसारखी. एका फंक्शनने दुसऱ्याला काम सांगायचं तर त्याला द्यायचा नंबर या चळतीवर ठेवायचा. दुसऱ्याने तो घ्यायचा, काम करायचं, उत्तर ठरलेल्या कोपऱ्यात ठेवायचं. काम झालं की तो नंबर चळतीवरून काढायचा. पण कोणी काढायचा? यात बरोबर-चूक काही नाही. नुसती रीत आहे. सीची रीत अशी की बोलावणाऱ्याने काढायचा, कारण सीमध्ये कधी दोन नंबर देतात, कधी दहा, आणि किती वाढले ते वाढणाऱ्यालाच ठाऊक. पास्कलच्या घरी वाढप मोजून, म्हणून जेवणाराच उचलून जातो आणि बोलावणाऱ्याचे तेवढे कष्ट वाचतात. दोन्ही घरं सुसंस्कृत. दोन्हीकडे मोरी स्वच्छ.

आणि ही रीत मजकुरात कुठेच दिसत नाही! आपाच्या पानावर नाही, दादांच्या पानावर नाही. भाषांतर होताना प्रत्येक कम्पायलर ती आपल्या घरच्या सवयीने घालून टाकतो. समोरच्या घराबद्दल त्याला तुम्ही सांगाल तेवढंच कळतं. आपाने काही सांगितलं नाही, म्हणून तिच्या कम्पायलरने धरून चाललं की सगळी दुनिया आपल्यासारखीच.

म्हणजे दर ड्रमला नंबर एक ठेवला जात होता आणि ताटं दोन उचलली जात होती. एक दादांचं फंक्शन उचलायचं, मग आपाचा प्रोग्राम. पहिल्या आठ वेळा जादा उचललेली ताटं रिकामीच होती, तिथे आपाने मोकळी ठेवलेली जागा होती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. नवव्या वेळेला त्या जागी ड्रमचा क्रमांक जेवायला बसलेला होता. त्याचं ताट गेलं आणि तिथे भलतंच काही येऊन पडलं.

"आणि एक्केचाळीस लाख?" मी विचारलं.

"तो प्रोग्राममधलाच पत्ता," आपा म्हणाली. "काम झाल्यावर कुठे परत यायचं, त्या जागेचा."

"घाटकोपरचा नव्हे?"

"घाटकोपर कुठून आलं?"

मी विषय बदलला.

आणि वजन कायम बरोबर का आलं? कारण उत्तर कुठल्या कोपऱ्यात ठेवायचं, ही रीत दोन्ही घरांची एकच निघाली. दिलेला नंबरही एकच होता. दोन असते तर सी उजवीकडून वाढतं आणि पास्कल डावीकडून, म्हणून क्रम उलटा होऊन पहिल्याच ड्रमला बोंब झाली असती आणि आपाने ऑफिसातच पकडलं असतं. बाकी सगळं जुळलं, म्हणून जे जुळलं नाही ते आठ ड्रम लपून राहिलं. ही खरी बदमाशी! पण ती करणारा कोणी बदमाश नाही. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं प्रकरण, ज्यात पत्रकावर दोषीच्या नावाची जागा कोरी ठेवावी लागली असती. मला त्याने फार अस्वस्थ केलं. अजून करतं.

"मी बदलू का माझं?" दादांनी विचारलं.

"तुमची फाइल बाकी गिऱ्हाइकांकडे आहे?"

"पावण्यातली निम्मी त्याच्यावर चाललीत."

"मग नका बदलू. त्या सगळ्यांची ताटं मग कोणीच उचलणार नाही. मी बदलते."

कारखान्यात परत गेल्यावर तिने आपल्या प्रोग्राममध्ये, दादांच्या फंक्शनची ओळख करून दिलेली होती त्या ओळीत, एक शब्द घातला: पास्कल. बस. याच्या घरी पाहुणा ताट उचलतो, असं तिच्या कम्पायलरला सांगणारा एक शब्द. पुन्हा कम्पाइल केलं. तीनला पाच कमी असताना सर आले. हमालांनी "आठ-अ" म्हणत नववा चढवला. पडद्यावर नऊ. कोणीच ओरडलं नाही, नजर लागेल म्हणून. दहा. वीस. चाळिसावा उतरला तेव्हा दादांनी चारही पेनं खिशातून काढली आणि परत खिशात घातली. आनंदाने काय करावं हे त्यांना सुचलं नसावं.

सर म्हणाले, "गुड. काय होतं?"

आपाने सांगितलं. ताटाशिवाय सांगितलं, सभ्यपणे, सगळं.

सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुरुस्ती कुणाच्या फाइलीत केली?"

"माझ्या."

"मग चूक तुमचीच ना, मॅडम?"

मी उभी होतेच, आणखी उभी राहिले. पण आपा माझ्या आधी बोलली. "सर, अरुंद दारात दोघं समोरासमोर आले आणि एक बाजूला सरकला, तर सरकला त्याचा दोष का?"

दादा म्हणाले, "साहेब, दोष द्यायचाच तर माझ्या चिठ्ठीला द्या. मी लिवलं न्हाय कोण उचलतंय ते. आठ वर्सं कुणाला लिवून दिलं न्हाय. माझ्या घरात सगळ्यांना म्हाईत हाय म्हणून जगाला म्हाईत असंल, असं वाटलं." आणि त्यांनी तिथल्या तिथे कागद घेऊन हे लिहून सही करून दिलं. कोणी मागितलं नव्हतं. ज्याला मी चोर म्हणाले होते तो हा माणूस. सोमवारी मी पावण्यात त्याच गाळ्यांमधून 'जाहीर माफी' असं पत्रक वाटलं. दादांची एकच तक्रार आली: आरोपाचं अक्षर मोठं होतं, माफीचं बारीक आहे, आणि बायको बारीक अक्षर वाचत नाही. मी मोठ्या अक्षरात पुन्हा छापून आणलं आणि त्यांच्या घरी नेऊन दिलं. जेवणाचं ताट आता बायको त्यांच्यासमोर नीट ठेवते, असं ऐकते.

आपाला पत्र मिळालं. ती कायम झाली. इथे थांबता आलं असतं, पण मी खोटं लिहीत नाही. सरांनी पत्र दिलं आणि त्याच संध्याकाळी तिच्या फाइलीत एक ओळ घातली: "जोडणीतील स्वतःची चूक वेळेत सुधारली." दादांचा सही केलेला कागद त्यांनी वाचला, छान आहे म्हणाले आणि काट्याच्या बिलासोबत टाचून ठेवला. ओळ खोडा, असं मी तीनदा सांगितलं. "फाइलीत गेलं ते गेलं," सर म्हणाले. "चांगलंच लिहिलंय की, वेळेत म्हटलंय." आपा मला म्हणाली, "राहू दे गं, नोकरी आहे ना." गेल्या वर्षी तिने दुसऱ्या मोठ्या कंपनीत अर्ज केला, आणि सरांनी दिलेल्या अनुभवाच्या दाखल्यात ती ओळ जशीच्या तशी उतरली. मुलाखतीत त्यांनी पहिला प्रश्न विचारला: ती जोडणीतली चूक काय होती तुमची? तिला तिथे बसून, परक्या लोकांसमोर, दोन घरांच्या रीती समजावून सांगाव्या लागल्या. त्यांना वेळ नव्हता. जागा दुसऱ्याला गेली.

एक वाक्य वाचवलं होतं एका चिठ्ठीत, आणि त्याच्या जागी दुसरं वाक्य एका माणसाच्या नावावर कायमचं बसलं.

म्हणून आता तुम्हाला सांगते, वाचणाऱ्या तुम्हाला, बाजूच्याला नव्हे. तुमच्याकडे आज अशी एखादी तयार फाइल असेल, तुम्ही लिहिलेली आणि दुसऱ्याच्या प्रोग्रामात जाऊन बसणारी, तर कागद घ्या. नंबर कोणत्या क्रमाने द्यायचे, उत्तर कुठे मिळेल, आणि काम झाल्यावर चळत कोण साफ करणार, या तीन गोष्टी लिहा. कोणत्या कम्पायलरने केली तेही लिहा. "हे तर सगळ्यांना माहीत असतं" असं म्हणून पेन खाली ठेवू नका. खाली सही करा, आणि ज्याला फाइल दिली आहे त्याला तो कागद आजच नेऊन द्या.